उजवीकडचा आकडा

प्रिंटरची खरखर थांबली तसा रुपचंदने कागद फाडला, दोन्ही कडांच्या भोकाभोकांच्या पट्ट्या सोडवल्या आणि त्यांची गुंडाळी करून पेनांच्या डब्यात कोंबली. मग चष्मा नीट बसवून त्याने यादी वरून खाली वाचली. संकलन, हिशेब, पगार, पशुखाद्य, भांडार, अध्यक्ष. नावं छापलेली इंग्रजी अक्षरांत, पण वाचायची मराठीतच. सहा वर्ग, आणि प्रत्येकापुढे दोन रकाने: डावीकडे किमान, उजवीकडे कमाल.

उजव्या रकान्यात एकच आकडा होता. हिशेब, पस्तीस. बाकी पाच जणांपुढे नुसती आडवी रेघ.

अकराच्या बैठकीत ही यादी अध्यक्षांपुढे ठेवायची होती.

जळगावच्या त्या दूध संघात युनिक्सचं मशीन आलं ते भीतीपोटी. दोन हजार साल उजाडलं की जुनी मशीनं शंभर वर्षं मागे जाणार, असं कुणीतरी येऊन सांगितलं, आणि ज्या संचालकांनी नव्या खुर्च्यांचा विषय तीन वर्षं पुढे ढकलला होता त्यांनी अख्खं मशीन एका बैठकीत मंजूर केलं. मशीन एक आणि त्याला लोंबकळणारी टेबलं वीस. सकाळी सगळे एकदम कामाला लागले की ते गुदमरायचं. तेव्हा नाशिकहून आलेल्या इंजिनिअरने त्यातली एक सोय दाखवली. कामांचे वर्ग पाडायचे आणि कोणाला मशीन किती, हे आधीच लिहून ठेवायचं. किमान म्हणजे, काहीही झालं तरी एवढं तुझं, दुसरा त्याला हात लावणार नाही. कमाल म्हणजे, मशीन रिकामं बसलं असलं तरी यापुढे तुला कणभर नाही. ज्याला कमाल लावलेली नाही त्याच्यापुढे रेघ, म्हणजे त्याला मोकळं रान.

मशीन सांभाळायचं काम रुपचंदकडे होतं. दिवाळीआधी त्याने सगळ्या विभागप्रमुखांना एकत्र बसवून हे समजावलं. प्रमुखांनी माना डोलावल्या. मग ज्याने त्याने मागितलं. समजून घेणं आणि मागणं ही दोन वेगळी खाती आहेत आणि संघात दुसरं खातं नेहमीच जास्त कामाचं.

हिशेब विभागाचे जीवराम आप्पा शेवटपर्यंत गप्प बसले होते. सगळ्यांचं झाल्यावर त्यांनी कागदावर बोट ठेवलं.

"हे उजवीकडे काय? माझ्यापुढे रेघ?"

"आप्पा, रेघ चांगली असते. रेघ म्हणजे अडवणूक नाही."

"बाकीच्यांना राहू दे रेघ. माझी नोकरी या सगळ्यांच्या आधीची आहे. रेघ म्हणजे पाटी कोरी. आकडा टाक."

"आप्पा, आकडा टाकला की त्याच्यावर—"

"टाक म्हटलं ना."

रुपचंदने दोनदा सांगून पाहिलं. संघात तीच गोष्ट तिसऱ्यांदा सांगणारा माणूस शहाणा ठरत नाही, उद्धट ठरतो. त्याने पस्तीस लिहिलं. आप्पांनी तो आकडा इतक्या समाधानाने पाहिला, की जणू मुलाच्या लग्नपत्रिकेत स्वतःचं नाव पाहत होते.

हे झालं होतं दोन महिन्यांपूर्वी. आता डिसेंबर निम्मा सरला होता आणि सकाळच्या वेळी मशीन अडकायचं ते अडकतच होतं. गुन्हेगार सापडायला वेळ लागला नाही. मंजुळाबाईंचं टेबल.

मंजुळाबाई जनावरांच्या डॉक्टरांचे फोन घ्यायच्या. गावोगावच्या दूध सोसायट्यांमधून फोन यायचा, अमक्याची गाय आजारी, तमक्याची म्हैस अडली. बाई ते मशीनमध्ये भरायच्या. कुठल्या डॉक्टरची जीप त्या वेळी कुठल्या रस्त्याला आहे ते मशीन शोधायचं आणि चिठ्ठी छापायचं. त्या चिठ्ठीवर जे पुढचं गाव असेल तिथे बाई फोन लावून जीप थांबवायच्या आणि वळवायच्या. सकाळी ही चिठ्ठी निघायला इतका उशीर लागे, की बाई टेबलावर बोटं वाजवत बसलेल्या जाता-येता सगळ्यांना दिसत. सगळ्यांत जास्त अडकलेली तीच दिसते, तेव्हा अडवणारीही तीच, असा हिशेब विभागाने हिशेब मांडला होता. आज बैठकीत त्यांचं टर्मिनल काढायचं ठरणार होतं, आणि बाईंना पुन्हा वरणगावच्या शीतकेंद्रावर कॅन मोजायला पाठवायचं.

यादीत त्यांचं नाव नव्हतं. वर्ग ठरले त्या दिवशी त्यांचे प्रमुख, डॉक्टर फालक, जामनेरकडे खुरकुताच्या लसी टोचत होते. बैठकीला नाही त्याला वर्ग नाही. अशांसाठी मशीनमध्ये 'इतर' नावाचा एक वर्ग आपोआपच असतो, आणि उरलंसुरलं काय ते त्याच्या वाट्याला.

रुपचंदने यादीची घडी घातली. मग, नुसतं लिहिलेलं दाखवण्यापेक्षा या घडीला कोण किती खातंय तेही सांगावं, म्हणून त्याने दुसरी कमांड दिली.

मशीनने एका ओळीत उत्तर दिलं. वर्गवारी चालू नाही.

त्याने कमांड पुन्हा दिली. मशीन माणसासारखं दुसऱ्या वेळी वेगळं बोलत नाही.

मग त्याला आठवलं. इंजिनिअर जाताना म्हणाला होता, वर्ग लिहून झालेत, ते चालू करायची कमांड वेगळी. सगळ्यांच्या सह्या झाल्या की द्या. सह्यांचा कागद फिरला. सगळ्यांच्या सह्या आल्या, राहिली ती डॉक्टर फालकांची. रुपचंद थांबला. त्यात त्याला वावगं काही वाटलं नव्हतं. त्याचे वडील धुळ्याकडे पांझरेच्या फडावर शेतांना पाणी सोडणारे पाटकरी होते. फडातल्या शेवटच्या शेतकऱ्याने मान हलवल्याशिवाय तिथे पाटाला पाणी सुटत नसे. वडील बांधावर बसून विडी ओढत, पण फळी उचलत नसत. रुपचंदही तसाच बसला. फरक एवढाच, की वडिलांच्या पाटात पाणी नाही हे गावाला दिसायचं. इथे कोणाला काहीच दिसलं नाही, आणि त्यालाही विसर पडला.

त्याने चालू असलेल्या कामांची यादी काढली. सगळ्यांत वर जीवराम आप्पांची तेरीज होती, सगळ्या खात्यांची गोळाबेरीज. मशीनचे पाचातले चार हिस्से ती एकटी खात होती. सगळ्यांत खाली मंजुळाबाईंची एक चिठ्ठी, ताटकळत.

"काय रुपचंदभाऊ, यादी तयार?"

जीवराम आप्पा दारात उभे होते. हातात चहाचा ग्लास, काखेत फाइल.

"तयार आहे, आप्पा."

"एक सांगतो, तोंडावर स्तुती करायची आपल्याला सवय नाही. पण तू वर्ग लावलेस आणि आमचं काम घोड्यासारखं पळायला लागलं. दिवाळीपर्यंत काय हाल होते! आता बटण दाबलं की तेरीज हजर."

रुपचंदने पडदा किंचित भिंतीकडे वळवला.

"बरं झालं," तो म्हणाला.

आप्पा गेले आणि चहाचा वास जायच्या आत पशुखाद्याचे तोताराम आले. ते कधी बसत नसत, बसलं तर तक्रार पातळ होते असं त्यांचं मत असावं.

"भाऊ, किमान दहा! दहा दिलेस आम्हाला. हिशेबवाल्यांना तीस. वर्ग लागले त्या दिवसापासून माझ्या पोरांना पडद्याकडे बघत जांभया द्यायची पाळी आली. आधी कसं झकास चालत होतं."

"आधी झकास होतं?"

"म्हणजे काय! तुझ्यादेखत."

रुपचंदने मान खाली घातली, कारण तोंडावर आलेलं हसू कुठे ठेवावं हे त्याला कळेना. दोन महिने दोघांनाही तेच मशीन त्याच चालीने मिळत होतं. एक जण मिशीला पीळ देत होता आणि एक कपाळाला हात लावत होता, आणि दोघांचंही खोटं नव्हतं.

ते हसू मंजुळाबाई आल्या तेव्हा आपोआप गेलं. त्या दारातच थांबल्या, पदर कमरेला खोचलेला.

"साहेब, माझं टेबल उठवणार म्हणतात."

"ठरलं नाही अजून, बाई."

"ठरलं नाही तर भांडारवाल्याने माझ्या खुर्चीचं माप कशाला घेतलं?" त्या म्हणाल्या. "मी भांडायला नाही आले. एकच विचारायचं होतं. मी खरंच बाकीच्यांचं अडवते का? परवा पारोळ्याकडचा फोन होता. चिठ्ठी निघेपर्यंत जीप ते गाव सोडून गेली. म्हैस गेली त्यांची. तो माणूस फोनवर मला काही बोलला नाही. नुसता म्हणाला, जाऊ द्या बाई, तुमना काय दोष शे. माझ्यामुळेच उशीर होत असेल तर मी आपणहून वरणगावला जाते. पण होत नसेल, तर तसं कुणीतरी म्हणावं."

रुपचंदने यादीची घडी उलगडली, पुन्हा घातली.

"तुम्ही कोणाचं काही अडवत नाही," तो म्हणाला. "बैठकीला तुम्हीही या."

"मला बोलावलं नाही."

"मी बोलावतोय ना."

बैठकीच्या खोलीत भरिताचा वास भरलेला होता. दुपारी संचालकांना भरीत-पुरीचं जेवण होतं आणि मागच्या अंगणात कपाशीच्या वाळल्या काट्यांवर वांगी भाजली जात होती. अध्यक्ष पंडित आबा शालीत गुरफटून बसले होते. तेही पांझरेकाठचेच. बोलायचे कमी, आणि समोरचा बोलत असताना टाचणीने टेबलावरच्या काचेखालची धूळ काढत बसायचे, त्यामुळे त्यांचं लक्ष नाही असं नव्या माणसाला वाटायचं.

रुपचंदने यादी वाचून दाखवली. संकलन, किमान तीस. हिशेब, किमान तीस, कमाल पस्तीस. इथे आप्पांनी घसा साफ केला. पगार, पशुखाद्य, भांडार, अध्यक्ष, प्रत्येकी दहा. बेरीज शंभर.

"म्हणजे सगळं वाटून झालं," आप्पा म्हणाले. "मग सकाळी मशीन अडतं कोणामुळे? ज्याचं नाव यादीत नाही त्याच्यामुळे. सरळ गोष्ट आहे, आबा. टेबल काढा, मशीन मोकळं होईल."

मंजुळाबाई भिंतीशी उभ्या होत्या. त्यांनी रुपचंदकडे पाहिलं नाही. बाहेर कुणीतरी वांगी सोलताना बोट भाजल्याने ओरडलं.

"रुपचंद," आबा टाचणी न थांबवता म्हणाले, "वर्ग लावल्यापासून फरक पडला का?"

खरं उत्तर एका वाक्याचं होतं. ते दिलं असतं तर आप्पांचा घोडा, तोतारामांच्या जांभया आणि रुपचंदची अक्कल, तिन्ही एकदम टेबलावर आली असती. आणि एवढं होऊनही बाईंचं नाव यादीत आलं नसतं. चिडलेली माणसं काही देत नाहीत.

"आप्पा म्हणतात, चांगला पडला. तोतारामभाऊ म्हणतात, वाईट पडला," तो म्हणाला. "माझं म्हणणं वेगळं आहे. बाईंचं काम यादीत नाही, म्हणून ते कोणत्याच हिशेबात बसत नाही. त्यांना वर्ग द्या. किमान पाच पुरे. त्यांचं काम सारखं चालू दिसतं, पण असतं चिमूटभर."

"पाच आणायचे कुठून? शंभर झाले की," तोताराम म्हणाले. "आमच्या दहाला हात लावायचा नाही, सांगून ठेवतो."

पगारवाल्यांनी महिनाअखेर काढली. भांडारवाल्यांनी वार्षिक मोजणी काढली. संकलनाच्या प्रमुखांनी दूध नासतं ही गोष्ट सगळ्यांना नव्याने सांगितली. अध्यक्षांच्या दहाबद्दल कोणी बोललं नाही, कारण अध्यक्ष समोर बसले होते.

रुपचंदने कागद उचलला आणि आप्पांच्या शेजारी जाऊन वाकला.

"आप्पा, तुमच्याकडे दोन आकडे आहेत. हा डावीकडचा तीस आणि हा उजवीकडचा पस्तीस. मी डावीकडचे पाच मागतोय."

आप्पांनी चष्मा काढला, पुसला, लावला.

"उजवीकडचा हलणार नाही?"

"नाही."

"यादीत तसाच राहील? पस्तीस?"

"तसाच. आणि त्या रकान्यात तुम्ही एकटेच."

"आप्पा, मी सांगू का, रुपचंद म्हणत होता की त्या उजवीकडच्या—" पगारवाल्यांनी मध्ये तोंड घातलं.

"तुला रेघ आहे ना? मग रेघेवर बस," आप्पा म्हणाले आणि हात हलवला. "घे रे रुपचंद, पाच घे. आपल्याला कोत्या मनाने वागता येत नाही. मुकी जनावरं शेवटी."

खोलीत जरा बरं वाटलं सगळ्यांना. दुसऱ्याने दिलं की वाटतं तसं. आबांनी सह्यांचा कागद पुढे ओढला आणि टाचणीचं टोक शेवटच्या ओळीवर ठेवलं.

"इथे डॉक्टरांची सही नाही."

"नाही, आबा."

"आणि ही नसतानाच चालू केलं?"

रुपचंदने खिशातून पेन काढलं, टोपण उघडलं, पुन्हा लावलं. सगळे आबांकडे पाहत होते, म्हणून त्याच्याकडे कोणी पाहत नव्हतं. आबा सोडून.

"सही झाली की सगळं नियमात येईल," तो म्हणाला.

आबांनी टाचणी खाली ठेवली. शालीच्या आत त्यांचं पोट हसण्याने किंचित हललं.

"तुझा बाप फळी न उचलता बांधावर बसून असायचा, तसाच आहेस तू," ते म्हणाले. मग कागद भिंतीकडे सरकवला. "डॉक्टर कधी सापडायचे. बाई, तुम्ही करा सही. टेबल तुमचं आहे."

मंजुळाबाईंनी पदराला हात पुसले आणि सही केली. सही लांबलचक होती, रकान्याबाहेर गेली.

जेवणं झाली. हिरव्या मिरचीने सगळ्यांची नाकं लाल झाली. रुपचंद मशीनच्या खोलीत आला, हिशेबाचे तीसचे पंचवीस केले, 'डॉक्टर' नावाचा सातवा वर्ग लिहिला, मंजुळाबाईंचं काम त्याला जोडलं आणि चालू करायची कमांड दिली. पडद्यावर विशेष काही झालं नाही. नवी यादी छापून त्याने फलकावर लावली.

सोमवारी सकाळी तो मुद्दाम हिशेब विभागात गेला. एरवी पहिल्या चहाच्या आत निघणारी तेरीज आज दुसरा चहा होऊन गेला तरी निघत होती. पस्तीसच्या वर तिला एक पाऊलही टाकता येत नव्हतं. आप्पा पडद्यासमोर मांडी ठोकून बसले होते.

"ये रे. बघ, बघ." त्यांनी खुर्ची सरकवली. "एकेक ओळ कशी येतेय बघ. शांत, दमदार. पाच देऊनसुद्धा! मी म्हणतो, दिल्याने कमी होत नाही."

"वेळ लागतोय का जरा?"

"वेळ?" आप्पांनी त्याच्याकडे करुणेने पाहिलं. "पहिल्यापेक्षा घोडा आहे, घोडा. तुला मशीनमधलं कळतं, मला मशीन कळतं."

रुपचंद बाहेर पडला आणि मंजुळाबाईंच्या दारात जाऊन थांबला. बाईंच्या कानाला फोन होता. पलीकडचा माणूस इतका ओरडत होता, की ते दारापर्यंत ऐकू येत होतं.

"बाई, म्हैस अडेल शे! डागदरले धाडा लवकर!"

"गाव सांगा आधी, दादा. गाव."

बाईंनी गाव भरलं. त्यांचं बोट सवयीने टेबलावर वाजवायला उचललं गेलं, पण ते खाली टेकायच्या आत प्रिंटर खरखरला. त्यांनी चिठ्ठी फाडली, वाचली, "थांबा घरीच, जीप अमळनेरच्या फाट्यावर आहे, वळवते," असं म्हणून फोन ठेवला आणि लगेच दुसरा लावला. तो होईतो तिसरा वाजला. प्रिंटर पुन्हा खरखरला. पुन्हा.

रुपचंद उभा होता. आता त्या मान वर करतील, काहीतरी म्हणतील, निदान आज कसं लवकर निघतंय एवढं तरी, अशा बेताने त्याने दाराच्या चौकटीला खांदा टेकवला.

बाईंनी मान वर केली. फोनवर तळहात ठेवला.

"साहेब, तेवढं दार लोटून घ्या ना," त्या म्हणाल्या. "तुमच्या बाजूला गडबड फार, आणि इकडे हा प्रिंटर. माणसाचं गाव ऐकू येत नाही."

त्याने दार लोटून घेतलं.